ओढीचा हार्नेस घेण्याआधी

ठाण्यात वर्तकनगरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लॅब्रेडॉरला कोणी शिकारी कुत्रा म्हणत नाही. तो सोफ्यावर झोपतो, पोळीचा तुकडा मागतो, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मुलांकडून लाड करून घेतो. पण पाश्चात्त्य शिकाऱ्यांनी ही जात वाढवली ती गोळीने पडलेली बदके पाण्यात शिरून, दात न लावता उचलून आणण्यासाठी. बीगल सशाचा माग काढणारा, कॉकर स्पॅनियल झुडपातले पक्षी उठवणारा, डॅशहंड बिळात शिरून बॅजरशी भिडणारा. पोखरण रोडवर सकाळी मालकालाच फरफटत नेणारी कितीतरी कुत्री अशा शिकारी घराण्यांतली असतात. त्यांच्या वाट्याला येतात दिवसातून दोन फेऱ्या, त्याही साखळीला बांधून, फुटपाथच्या कडेकडेने. मग चपला कुरतडल्या जातात, पोट सुटते, आणि कुत्रा ‘वांड’ ठरतो.

अमेरिकेत पॉइंटर आणि सेटर जातींची पक्षी शोधणारी कुत्री हंगामाआधी तयार करण्याची एक जुनी रीत आहे. अंगावर रुंद पट्ट्यांचा हार्नेस चढवायचा आणि कुत्र्याला ओढायला लावायचे. पूर्वी मागे घोडेस्वार असायचा, आता चार चाकांची छोटी मोटार असते. कुत्रा पुढे जोर लावतो, मागून ताण राहतो. या व्यायामाला तिकडे ‘रोडिंग’ म्हणतात. साध्या पळण्यापेक्षा ओढीच्या व्यायामात कमी वेळात जास्त साधते: मांड्या, पाठ आणि खांद्याचे स्नायू भरतात, दम वाढतो आणि डोकेही शांत होते. ठाण्यात मोकळे माळ नाहीत, म्हणूनच ही रीत ठाण्याच्या कामाची आहे. ज्याच्याकडे दहा किलोमीटर पळवायला जागा नाही, त्याला सोसायटीमागच्या शंभर पावलांच्या मातीच्या पट्ट्यावरही कुत्रा घामाघूम करता येतो. (कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो मुद्दा पुढे येईल, आणि तो महत्त्वाचा आहे.)

अडचण हार्नेसची आहे. दुकानात ‘हार्नेस दाखवा’ म्हटले की समोर येतो तो बहुतेक वेळा फिरवायचा हार्नेस, आणि कुत्रा फार ओढतो अशी तक्रार केली तर ओढू न देणारा. छातीवर पुढे कडी असलेला हा दुसरा प्रकार कुत्र्याने जोर लावला की त्याला बाजूला वळवतो. फिरायला तो ठीक आहे. पण त्यावर वजन लावून व्यायाम करवणे म्हणजे कुत्र्याला रोज तिरके चालवणे. ओढीचा हार्नेस नेमके उलटे काम करतो. कुत्र्याचा जोर सरळ रेषेत मागे जाऊ देतो आणि त्याची ओढ छातीच्या हाडावर घेतो, गळ्यावर नव्हे.

हार्नेसकडे वळण्याआधी शिकारीचा प्रश्न मिटवून टाकलेला बरा, कारण ‘शिकारी कुत्र्याची तयारी’ म्हटले की काहींना गावाकडचे रान आठवते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. बंदूक चालवणे हीच शिकार असे कायदा मानत नाही. वन्य प्राण्यामागे कुत्री सोडून त्याला पळवणे, हाकणे, पकडणे आणि या सगळ्यांचा नुसता प्रयत्नही तिच्यात येतो. रानातला ससा किंवा रानडुक्कर त्यातून सुटलेले नाही. ‘कुत्रा आपणहून धावला’ ही सबब सांगण्याची वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर जंगलाच्या कडेला कुत्रा मोकळा सोडू नये. शिकारी नाकाला आज कायदेशीर नोकरी आहे, पण ती उलट्या बाजूला: ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या भारतातल्या कार्यक्रमात २००८ पासून कुत्र्यांना वाघाची हाडे, कातडी, बिबट्याचे अवयव हुंगून शोधायला शिकवले जाते आणि ती वनखात्यांच्या हाती दिली जातात.

महाराष्ट्राचा स्वतःचा शिकारी कुत्रा म्हणजे कारवानी. दख्खनच्या गावांत धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या सोबतीने तो वाढला. लांब नाक, खोल छाती, आत गेलेले पोट, कातडीखाली चरबी जवळजवळ नाही. कानाला-शेपटीला रेशमी केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे, आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची निगुतीने पैदास केली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला जोडी भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव जगभर गेले. २००५ साली भारतीय टपालखात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यातले एक मुधोळचे. २०१६ च्या सुमारास सैन्याच्या मेरठ इथल्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी गेली. तेव्हापासून शहरांत त्याची हौस वाढली आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या इमारतींतही ही उंच, सडपातळ कुत्री दिसू लागली. हार्नेसच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक हेच.

त्याची खास अडचण पुढे येईल. आधी हार्नेस नेमकाच का बसायला हवा, ते कुत्र्याच्या शरीरात दडले आहे. माणसाचा खांदा गळ्याच्या हाडाने धडाला जोडलेला असतो. कुत्र्याला तसे हाड जवळजवळ नसतेच. त्याचा पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी आणि तंतूंनी बांधलेला आहे. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार याच दोन पायांवर असतो. पळताना खांद्याचे फावडे बरगड्यांवरून मागेपुढे सरकते आणि झेप किती लांब पडणार ते त्या सरकण्यावर ठरते. तिथे पट्टा आडवा आला की पाऊल आखूड पडते. एका दिवसात काही बिघडत नाही. पण रोज, वजनासकट, महिनोन्‌महिने तसेच चालले तर ज्या खांद्याला बळ यावे म्हणून हा खटाटोप, तोच दुखावतो.

बैलाच्या बाबतीत हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, हळद-लोणी लावून बैलाचा खांदा चोळला जातो, कारण वर्षभर जू तिथेच बसलेले असते. बैलाला जू पेलायला मान आणि वशिंड आहे. कुत्र्याला तशी जागा नाही. त्याच्याकडे आहे ते छातीच्या पुढच्या टोकाला लागणारे उरोस्थीचे टणक हाड. बोटाने चाचपले की दोन खांद्यांच्या मधोमध, गळ्याच्या खळगीच्या खाली ते लागते. ओढीच्या हार्नेसचा भार तिथे आणि त्याच्या खालच्या सपाट छातीवर यायला हवा. त्याच्या वर गेला तर श्वासनळी दबते, बाजूला गेला तर खांदा.

म्हणून बाजारात ‘वाय’ आकाराच्या हार्नेसची शिफारस होते: दोन पट्ट्या मानेच्या दोन्ही बाजूंनी येऊन छातीच्या हाडावर मिळतात आणि तिथून एक पट्टी पुढच्या पायांच्या मधून मागे जाते. छातीवर आडवा पट्टा असलेल्यापेक्षा हा खांद्याला मोकळा ठेवतो असे सगळे सांगतात. पण २०१९ साली ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापून आला आणि त्यात निकाल उलटा लागला. खांदा पुढे किती उघडतो ते चालताना आणि दुडकी चालीत मोजले, तेव्हा दोन्ही प्रकारांनी तो कमी झाला, आणि मोकळा समजला जाणारा वायचा हार्नेस दुडकीत सुमारे नऊ अंशांनी आड आला, आडव्या पट्ट्याचा सुमारे पाच. कुत्री मोजकी होती, तेव्हा एवढ्यावरून वायचा हार्नेस टाकून देण्याचे कारण नाही. वजन ओढण्यासाठी आडवा पट्टा तरीही वाईटच, कारण जोर लागला की तो थेट खांद्याच्या सांध्यावर चढतो. अभ्यासाचा उपयोग एवढाच की पाकिटावर ‘शास्त्रीय रचना’ छापले आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये. त्या विशिष्ट कुत्र्याच्या अंगावर तो कसा बसतो, हेच बघायचे.

ओढीच्या हार्नेसमध्ये ढोबळ दोन घराणी. एक रोडिंगचे: छातीवर चार-पाच सेंटिमीटर रुंद, अस्तर लावलेला पट्टा, कोपरामागे पोटाभोवती तसाच दुसरा, आणि ओढदोरीसाठी पाठीवर किंवा दोन्ही कुशींना लोखंडी कड्या. दुसरे बर्फावरच्या घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचे: पाठीवर पट्ट्यांची फुली, आणि दोरी अगदी शेपटीच्या मुळाशी. माणसाच्या कमरेला दोरी बांधून कुत्र्यासोबत पळण्याचा जो खेळ युरोपात चालतो, त्याला या दुसऱ्या घराण्यातला आखूड प्रकार वापरतात. जमिनीवरून साखळी किंवा छोटे टायर ओढवायचे असेल तर कुशीला कड्या असलेला रोडिंगचा हार्नेस सोयीचा, कारण ओढ खाली आणि आडवी राहते. मालकच मागे पळणार असेल, तर पाठीच्या टोकाला कडी असलेला घ्यावा आणि दोरीत रबरी ताण असावा, म्हणजे झटका दोघांच्याही पाठीत बसत नाही. एकाच हार्नेसमध्ये सगळे मिळते असे सांगणाऱ्या विक्रेत्याला ओढदोरी कुठे लावायची ते अंगावर घालून दाखवायला सांगावे.

मापे घ्यायला शिंप्याची टेप पुरते. कुत्रा उभा हवा, बसलेला नको. पहिले माप मानेच्या मुळाचे, म्हणजे गळपट्टा असतो तिथले नव्हे, तर मान खांद्यात मिळते तिथले. छातीचे हाड लागते त्याच्या लगेच वरून टेप फिरवायची. दुसरे छातीच्या सर्वांत खोल भागाचे, कोपरामागे चार बोटे सोडून. तिसरे छातीच्या हाडापासून पुढच्या पायांमधून शेवटच्या बरगडीपर्यंतचे. फुलीचा हार्नेस असेल तर चौथे, खांद्यांच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत. ऑनलाइन मागवताना लोक कुत्र्याचे वजन आणि जात लिहून ‘मीडियम’ निवडतात. पंचवीस किलोचा कारवानी आणि पंचवीस किलोची लॅब्रेडॉर मादी यांच्यात वजन सोडून काही सारखे नसते. एकाची छाती नांगराच्या फाळासारखी खोल आणि अरुंद, दुसरीची पिंपासारखी गोल.

घातल्यावर पाच गोष्टी पाहाव्यात, त्याही दुकानातच. पट्ट्याखाली दोन बोटे सपाट सरकतात का. पुढचा पाय हाताने पुढे ताणला तर पट्टी खांद्याच्या टोकावर चढते का. कोपर मागे गेले की पोटाचा पट्टा काखेत घासतो का. मागून कडीला धरून हळूहळू ओढ दिली की छातीचा पट्टा गळ्याकडे सरकतो का. सरकत असेल तर तो हार्नेस कितीही देखणा असो, परत द्यावा. आणि शेवटची परीक्षा पळून जाण्याची: कुत्र्यासमोर उभे राहून दोरी आपल्याकडे ओढावी, म्हणजे तो मागे सरकेल. डोके आणि कोपरे बाहेर निसटली की समजावे, फटाक्याच्या एका आवाजाला हा कुत्रा पोखरण रोडच्या मधोमध असेल.

या शेवटच्या परीक्षेत कारवानी, ग्रेहाउंड आणि त्यांच्या संकरांच्या अंगावरचा हार्नेस हटकून नापास होतो. खोल छातीनंतर त्यांची कंबर एकदम बारीक होते, त्यामुळे छातीवर नीट बसलेला पट्टाही मागे सरकताना सैल पडतो. त्यांना तीन पट्ट्यांचा हार्नेस लागतो, ज्याचा तिसरा पट्टा शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या अरुंद भागावर बसतो. तो घट्ट नको, नुसता अडवायला. कातडी पातळ आणि केस आखूड असल्याने कडक नायलॉनची कड त्यांना तासाभरात लाल करते. आतून निओप्रीन किंवा मऊ लोकरी अस्तर हवेच. आणखी एक: ही वेगाची कुत्री आहेत, भाराची नव्हेत. त्यांच्याकडून जड वजन ओढवू नये. हलकी साखळी, दुडकी चाल, मधूनच कुंपण असलेल्या जागेत एखाददुसरी चौखूर धाव, एवढे त्यांना पुष्कळ झाले.

लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रिव्हर ओढायला उत्साही असतात, पण या जातींत मागच्या खुब्याचा आणि पुढच्या कोपराचा आनुवंशिक दोष आढळतो. हार्नेस घेण्याआधी पशुवैद्याकडून तपासणी आणि लागल्यास एक्सरे काढून घ्यावा. वजन वाढलेल्या लॅब्रेडॉरला ‘बारीक करण्यासाठी’ वजन ओढायला लावणे हा उलटा क्रम. आधी ताटातले कमी करावे, चालणे वाढवावे, बरगड्या हाताला लागू लागल्या की मग ओढ. बीगलची मान जाड आणि पाय आखूड; त्याला अरुंद पट्ट्यांचा, हलका हार्नेस लागतो, नाहीतर अर्धी छाती पट्ट्यांनीच भरते. त्याचे नाक जमिनीला लागले की तो ओढतो पण सरळ ओढत नाही, म्हणून त्याच्यासाठी वजनाऐवजी वास शोधण्याचे खेळ आणि साधा चढ अधिक बरे. डॅशहंडचा मणका लांब आणि नाजूक. त्याला ओढीचा हार्नेस मुळीच घालू नये. हस्की हा तर ओढण्यासाठीच घडलेला, पण सैबेरियाच्या हवेत. ठाण्यात त्याला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेखेरीज ओढायला लावणे हा निर्दयपणा आहे. गावठी कुत्र्याचे कौतुक इथे करायला हवे. आखूड केस, माफक वजन, पिढ्यान्‌पिढ्या याच हवेत टिकलेले शरीर. नीट शिकवला तर तो या कामात महागड्या परदेशी जातींना मागे टाकतो आणि मापाचा हार्नेसही त्याला चटकन मिळतो.

वय हा वेगळा मुद्दा. पिल्लाच्या हाडांची टोके वाढत असतात आणि मोठ्या जातींत ती जुळायला वर्ष ते दीड वर्ष लागते. तोवर नुसता हार्नेस अंगावर घालून फिरवावे, कडीला काही बांधू नये. सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याला नव्याने सुरू करायचे असेल तर हृदयाची तपासणी आधी.

आता कापडाकडे, कारण इथे ठाण्याची हवा सगळ्या परदेशी सल्ल्यांवर पाणी फिरवते. कातड्याचा हार्नेस दिसायला राजबिंडा असतो, अंगावर हळूहळू कुत्र्याच्या आकाराचा होतो. पण जून ते सप्टेंबर त्याच्यावर हिरवट बुरशी चढते, शिवण कुजते, आणि तेलपाणी करायला विसरले की दिवाळीपर्यंत त्याला भेगा पडतात. ज्याला रोज पुसायची शिस्त आहे त्याने घ्यावा. सुती निवारीसारखी पट्टी कातडीला सर्वांत मऊ, पण भिजली की जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. नायलॉन मजबूत असते, मात्र ओले झाल्यावर थोडे ताणते. कोरड्या दिवशी नीट बसवलेला हार्नेस पावसात सैल पडतो. पॉलिएस्टरची पट्टी कमी ताणते, लवकर वाळते, आणि या किनाऱ्याला तीच जास्त मानवते. रबरासारखे आवरण दिलेली पट्टीही चांगली, चिखल नळाखाली धुऊन निघतो. फक्त तिच्या आत हवा खेळत नाही, म्हणून उन्हाळ्यात रुंद पट्ट्यांना ती नको. ज्यांना परवडते त्यांनी पावसाळ्यासाठी दोन ठेवावेत, एक अंगावर आणि एक दोरीवर.

बक्कल प्लास्टिकचे असले तर ते फिरवायच्या हार्नेसला चालते. ओढीसाठी धातूचे, आणि कड्या जोड न दिसणाऱ्या, वितळवून जोडलेल्या. वाकवून टोके नुसती भिडवलेली कडी झटक्याला उघडते. शिवण चौकोन आणि आत फुली अशी असावी. एकाच रेषेत टाके असतील तर तिथूनच ती उसवते. पट्टीची लांबी जमली नाही किंवा अस्तर घालायचे राहिले तर नवा हार्नेस घ्यायची गरज नाही. स्टेशनजवळ बॅगा आणि चेन दुरुस्त करणारे कारागीर जाड सुईच्या मशिनवर हे काम उत्तम करतात. त्यांना फक्त सांगावे लागते की जाडजूड शिवणीची गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा, काखेकडे नको.

भार किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. खरे तर तो शेवटचा असायला हवा. पहिला आठवडा नुसता हार्नेस, खाऊ देत, घरात. मग मागे रिकामी दोरी घसटत नेऊ द्यावी, कारण पाठीमागून येणाऱ्या आवाजाला बरीच कुत्री भितात, आणि एकदा भ्यायलेला कुत्रा हार्नेस पाहिला की पलंगाखाली शिरतो. त्यानंतर शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पंचवीस किलोच्या कुत्र्याला सव्वा किलोची साखळी, तीही दहा मिनिटे आणि एक दिवसाआड. आवाज कमी हवा असेल तर साखळी जुन्या सायकल ट्यूबमध्ये ओवावी. आधी वेळ वाढवावी, मग वजन. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत. पाऊल आखूड पडू लागले, कुत्रा एका बाजूला कलला, वारंवार मागे वळून पाहू लागला, की त्या दिवसाचे काम संपले. जेवणानंतर ओढ कधीच नको; कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी उड्या मारल्या तर जठराला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो.

स्कूटरला दोरी बांधून कुत्रा पळवण्याचे दृश्य ठाण्यात अधूनमधून दिसते. स्कूटरचा वेग कुत्रा ठरवत नाही, त्यामुळे दमला तरी त्याला थांबता येत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात जनावराला अति पळवणे आणि अति भार लादणे हे गुन्हे आहेत, आणि हे त्यात सरळ बसते. व्यायाम म्हणून तर ते वाईटच: ओढतो तो कुत्रा नव्हे, स्कूटर.

उष्णतेचा मुद्दा सगळ्यांत गंभीर. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, जिभेवरून आणि घशातून पाण्याची वाफ करून. हवेतच बाष्प भरलेले असले की ती वाफ नीट होत नाही. म्हणून नागपूरच्या कोरड्या उन्हापेक्षा ठाण्याची दमट, ढगाळ सकाळ कधीकधी अधिक फसवी असते. माणसाला ऊन जाणवत नाही आणि कुत्रा आतून तापत जातो. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. गुदद्वारातल्या थर्मामीटरवर १०४ च्या वर दिसले तर काम थांबवावे. १०६ च्या आसपास अवयव निकामी होऊ लागतात. आकडा मोजायची वेळ येण्याआधीच जीभ सांगते. ती रुंद होऊन टोकाला पळीसारखी वळली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ चिकट झाली, की हार्नेस उतरवून सावलीत न्यावे, अंगावर नळाचे पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. मग थेट दवाखाना. वर्षात ओढीच्या व्यायामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात वजन बाजूला ठेवून नुसते चालणे, तेही डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येते का ते पाहून.

जागा कुठली? वर्तकनगरहून उपवन तलाव चालत जाण्याइतका जवळ, आणि तिथून पुढे येऊरचा चढ सुरू होतो. तो चढ बघून हार्नेस घेतलेल्या माणसाचे हात शिवशिवतात. पण येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. आत पाळीव कुत्र्यांना मनाई आहे. शिवाय तिथे बिबटे राहतात, आणि उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. जंगलालगतच्या रस्त्यांवर झुंजूमुंजू व्हायच्या आत आणि अंधार पडल्यावर कुत्रा नेऊ नये, हार्नेस असो वा नसो. उपवनचा काठ सकाळी चालणाऱ्यांनी भरलेला असतो. साखळी घसटत नेणाऱ्या कुत्र्याला ती जागा नव्हे. म्हाडा वसाहतींमधली मातीची मैदाने दुपारी रिकामी असतात, पण ऊन असते; पहाटे सव्वापाच ते सहा ही तिथली कामाची वेळ. कल्याण-डोंबिवलीच्या लोकांना या बाबतीत जागा अधिक, शहराबाहेर मलंगगडाच्या पायथ्याकडे आणि टिटवाळ्याच्या बाजूला मातीचे रस्ते अजून आहेत. पेव्हर ब्लॉकवर मात्र ओढ देऊ नये. पंजाची गादी सोलवटते, आणि नखे पकड घेऊ शकत नसल्याने सांध्यांना हिसके बसतात.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तेव्हा त्याची लस आणि रेबीजची लस वेळेवर हवी. महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीजचे प्रमाणपत्र लागतेच. गोचिडांना हार्नेसच्या पट्ट्याखालची ऊबदार जागा फार आवडते. म्हणून व्यायाम संपला की हार्नेस लगेच काढावा, दिवसभर अंगावर ठेवू नये, आणि काखा, छातीचे हाड, कमरेचा पट्टा बसतो ती जागा बोटांनी चाचपावी. केस पिंजारलेले दिसले तर माप चुकते आहे. कातडी लाल दिसली तर चार दिवस सुट्टी आणि पट्ट्याला अस्तर. दर महिन्याला टेप पुन्हा लावावी, कारण व्यायाम लागू पडला की छाती भरते, पोट आत जाते आणि नोव्हेंबरात बेताचा बसलेला हार्नेस जानेवारीत खांद्याला कचू लागतो. तेव्हा आधी बक्कल एक घर सैल करून पाहावे. शेवटचे घर संपले असेल तर पुढचे माप घ्यावे. जुना हार्नेस कोणाला द्यायचा असेल तर त्याआधी कड्यांच्या मुळाशी शिवण उसवली आहे का ते उलटवून पाहावे, आणि उसवली असेल तर बक्कल काढून ठेवून पट्टी टाकून द्यावी.